काढलेली चिठ्ठी

आप्पा मगदूम दार उघडून "आलीस काय सूनबाई" म्हणायचे आणि त्रिशला "आले आप्पा" म्हणून चपला काढायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. आप्पांना वाटायचं कारण नव्हतं, कारण त्यांना खरी गोष्ट ठाऊक नव्हती. त्रिशलाला वाटायला हवं होतं, पण ती बाई सोयीपुरती विसराळू होती. ती त्यांची सून राहिली नव्हती, त्याला दोन वर्षं झाली होती. सम्यकचा आणि तिचा काडीमोड अगदी गुमान झाला. दोघं एकाच रिक्षातून कोर्टात गेली आणि येताना उसाचा रस पिऊन आली. नवरा सुटला. सासरा काही सुटला नाही. सासऱ्याला सोडायचा कागद कोर्टात मिळत नाही ना.

आप्पा म्हणजे जिनपाल मगदूम. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागांवर काढलेली, त्यामुळे घरातही समोरच्याला बहिरा धरूनच बोलायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, हुज्जत घालायची हौस तर जशीच्या तशी वाचली. गेली ती ओळख. समोरच्याचं नाक दिसायचं, डोळे दिसायचे, पण ते कुणाचे हे सांगणारा मेंदूतला कोपरा बंद पडला होता. वर अलीकडची पंधरा वर्षंही पुसली गेली, आणि नवं काही सांगावं तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेना. जुने मालक, जुने माग, वारलेल्या बायकोच्या माहेरचा पत्ता, सगळं तोंडपाठ. पण नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली त्रिशला त्यांच्या लेखी त्या घरात आलीच नव्हती.

मग 'ओळख' चष्मा निघाला. दिसायला साधा, चाळिशीचा वाटावा असा. समोर माणूस आलं की काडीतून कानात हळूच आवाज यायचा: ही विमल, तुमची बहीण. ही त्रिशला, तुमची सून. मागच्या खेपेला तुम्ही हिच्याशी भाकरीच्या जाडीवरून वाद घातला होता. तेवढ्यावर आप्पा वाद पुढे सुरू करायचे. चष्मा करणारी कंपनी गावातच, एका बंद सूतगिरणीच्या गोदामात होती, आणि त्रिशला तिथेच प्रोग्रामर होती. आप्पा आजारी पडले म्हणून तिनं पुण्याची नोकरी सोडून ही धरली, हे ती कुणाला सांगत नसे. पण खरं कारण तेच.

आता या चष्म्याच्या पोटात काय चालायचं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. इंटरनेटवरचा सर्व्हर हा जातीचाच विसराळू. तुम्ही आत्ता येऊन गेलात आणि पुन्हा दार वाजवलंत तरी तो विचारणार, आपण कोण? म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी एक साधी युक्ती निघाली. सर्व्हर तुमच्या ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर नाव, मजकूर आणि किती दिवस जपायची ती मुदत. पुढच्या खेपेला ब्राउझर चिठ्ठी दाखवतो, आणि सर्व्हर म्हणतो, अच्छा, तुम्ही होय. हिलाच कुकी म्हणतात. चष्म्यातही हेच होतं. माणसांचे चेहरे कंपनीनं आपल्याकडे साठवायला कायद्याची बंदी होती, म्हणून प्रत्येक ओळखीची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या चष्म्यातच असायची. चिठ्ठ्या कुणाच्या नावानं घालायच्या आणि कुणाच्या काढायच्या, हे घरची माणसं फोनवरून ठरवायची.

काडीमोडानंतर पहिल्यांदा त्रिशला भीतभीतच आप्पांकडे गेली होती. दारातच "सूनबाई" ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सम्यकनं आपली चिठ्ठी काढली नाही, मोठ्या मनाचा निघाला, असं तिनं धरून चाललं. त्याला विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे ती निवांत झाली. आधी आठवड्याला जायची, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. विमलाक्का फोन करून कुरकुरायच्या. पण आप्पा ओळखतातच, कधीही गेलं तरी ओळखतातच, मग घाई कसली?

तिकडे कंपनीत मिरजेहून तक्रार आली. एका म्हाताऱ्या आजींना सांभाळणारी बाई त्यांना चिमटे काढायची, म्हणून लेकीनं तिला कामावरून काढलं आणि त्याच दिवशी चष्म्यातूनही काढलं. महिन्यानं ती बाई भांडायला परत आली. चष्म्यानं आजींच्या कानात सांगितलं, घरातली बाई, विश्वासाची. आजींनी दार उघडलं. झटापटीत आजींचं मनगट मोडलं. लेक फोनवर रडत नव्हती, शांतपणे विचारत होती की मी काढलेली बाई तुमच्या चष्म्यात राहिली कशी? त्रिशलानं तो प्रश्न तसाच लिहून घेतला.

गटाचे प्रमुख इक्बाल मोमीन यांनी काम तिच्याकडे दिलं. तिनं प्रोग्राम उघडला आणि कपाळाला हात लावला. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या जागा एक नाही, दोन नाही, तेवीस. ज्याला जिथे गरज पडली त्यानं तिथे लिहिली. कुणी मुदत घातली, कुणी घातलीच नाही. आणि चूक कुठे होती, तर काढण्यात. चिठ्ठी काही हात घालून फाडता येत नाही. ती काढायची तर त्याच नावाची, त्याच पत्त्याची, त्याच कप्प्यातली दुसरी चिठ्ठी पाठवायची आणि तिच्यावर उलटून गेलेली तारीख टाकायची. ब्राउझर बघतो, मुदत संपली, आणि टाकून देतो. पण कप्पा जरा जरी वेगळा पडला तरी ब्राउझर म्हणतो, ही वेगळीच चिठ्ठी. मग जुनी जिथल्या तिथे सुखरूप राहते. इथे ओळखीच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या 'दार' नावाच्या कप्प्यात, आणि काढायचा हुकूम सुटत होता 'घर' नावाच्या कप्प्याला. घालणारा एक, काढणारा दुसरा, आणि दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही. फोनवर हिरवी खूण यायची, काढलं म्हणून. काढलेलं काहीच नसायचं.

अशा न गेलेल्या चिठ्ठ्या किती चष्म्यांत आहेत, हे बघायला तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावं आणि मजकूर दिसत नव्हते, फक्त चष्म्याचा क्रमांक आणि काढण्याची तारीख. यादीत तीनशे अकरा चष्मे निघाले. दोनशे सातव्या ओळीवर तिची नजर अडली. तो क्रमांक तिला पाठ होता, तिनंच तो चष्मा आप्पांना घातला होता. तारीख होती कोर्टातून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे सम्यकनं काढलं होतं. उसाचा रस पिऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. दोन वर्षं ती ज्याला मोठं मन समजत होती, ती प्रोग्राममधली चूक होती. त्रिशला उठून गच्चीवर गेली आणि चांगली पाच मिनिटं रडली. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. उणंदुणं काढून तिच्याशी भांडणारा आणि भांडण झाल्यावर "जेवून जा" म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्या डोक्यातली आपली जागा आता तिला स्वतःच्या हातानं पुसायची होती.

तिनं सम्यकला फोन केला. तो बंगळुरूला होता. तो घाबरलाच. म्हणाला, मी तर तेव्हाच काढलं होतं, तू जातेस ते आक्कांनी सांगितलं होतं, मला वाटलं आप्पांना तू दर वेळी नव्यानं ओळख करून देतेस. मग त्यानं सांगितलं की पुढच्या महिन्यात तो लग्न करतोय. मुलीचं नाव गार्गी. चष्म्यात आता सून म्हणून तिची चिठ्ठी जाणार. 'सून' या एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या की चष्मा कसा गोंधळेल, हे त्रिशलाला त्यानं सांगायची गरज नव्हती. तो वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर तिला रागवायची तरी सोय झाली असती.

त्रिशलानं काम मात्र चोख केलं. तेवीस जागा बंद केल्या आणि सगळ्या चिठ्ठ्यांसाठी प्रोग्राममध्ये एकच खिडकी ठेवली. चिठ्ठी घालायची तर तिथूनच, काढायची तर तिथूनच, म्हणजे कप्पा चुकायचा प्रश्नच नाही. कुठली चिठ्ठी कशासाठी आणि किती दिवस, याचा एक तक्ता केला. कारण नाही तर चिठ्ठी नाही, मुदत नाही तर चिठ्ठी नाही, आणि जास्तीत जास्त मुदत चारशे दिवस. मोमीन सरांनी त्यात आणखी एक नियम घातला. घरच्यांनी फक्त घरची माणसं आणि मदतनीस यांच्याच चिठ्ठ्या घालायच्या. बाकी कुणाला लक्षात ठेवायचं ते चष्मा घालणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ओळख त्याची आहे, त्यालाच विचारा, असं त्यांचं म्हणणं. त्रिशलाला ते पटलं, आणि पटल्याचा त्रासही झाला. म्हणजे आता सम्यकनं दया म्हणून घातली तरी तिची चिठ्ठी जाणार नव्हती.

शेवटी जुन्या चिठ्ठ्या पुसणाऱ्या भागात तिनं एक ओळ टाकली. त्या ओळीत एक क्रमांक होता, आणि तो चष्मा सोडून बाकी सगळे साफ करा, एवढाच तिचा अर्थ. सात सेकंदांचं काम. पण कंपनीत रिवाज होता की दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ओळ पुढे जायची नाही. मोमीन सरांनी वाचता वाचता त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हा कुणाचा चष्मा असं विचारलं. तिनं खरं ते सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि तो आल्यावर म्हणाले की तीनशे दहा घरांना आपण जे देतोय ते तीनशे अकराव्या घराला का नाही, हे मला मिरजेच्या आजींच्या लेकीला सांगता येणार नाही. तुला येत असेल तर राहू दे ओळ. त्रिशलानं चहा पिऊन ओळ पुसली.

सोमवारी अकरा वाजता नवा प्रोग्राम सगळ्या चष्म्यांत गेला. मंगळवारी पाच वाजता ती आप्पांच्या दारात उभी होती. मगदूम जैन, त्यांच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळे तिची जायची वेळ हीच असायची. बेल वाजवायच्या आधी तिनं दोनदा हात मागे घेतला.

दार आप्पांनी उघडलं. चष्मा डोळ्यांवर होता आणि चष्मा गप्प होता. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

चष्मा आल्यापासून त्या माणसानं तिला 'आपण' कधी म्हटलं नव्हतं. कितीही तयारी करून आली असली तरी तिला ते लागायचं तसं लागलं. वाटेत तिनं चार-पाच वाक्यं जुळवली होती, मी कंपनीतून आले, चष्मा तपासायचाय वगैरे. त्यातलं एकही तिच्या तोंडातून निघालं नाही.

"तुम्हालाच भेटायला आले," ती म्हणाली. "मी त्रिशला. पूर्वी तुमची सून होते. आता नाही."

आप्पांनी मागे वळून विमलाक्कांकडे पाहिलं. आक्कांनी मान हलवली, खरं आहे म्हणून. आप्पांच्या डोक्यात सम्यक अजून कॉलेजातच होता, त्यामुळे त्याचं एक लग्न होऊन मोडलंसुद्धा, हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला. तेवढा वेळ ते चौकटीला धरून उभे राहिले.

"आमच्या पोरानं त्रास दिला काय तुम्हाला?"

"नाही आप्पा. पटलं नाही, एवढंच."

"मग बाहेर का उभ्या? या, बसा."

ती बसली. विमलाक्कांनी पाणी दिलं आणि देता देता तिच्या पाठीवरून हात फिरवला. आप्पांनी पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, काम काय करता. त्रिशलानं सांगितलं, सांगायचं म्हणून सांगितलं. चिठ्ठ्या कशा असतात, तेवीस ठिकाणी कशा घातल्या जात होत्या, काढल्या तरी कशा निघत नव्हत्या, आता एकाच खिडकीतून सगळं कसं चालतं. चिठ्ठीची मुदत प्रत्येक भेटीला नव्यानं सुरू होते, आणि माणूस आलंच नाही तर चिठ्ठी आपोआप जाते, कुणाला काढत बसावं लागत नाही, हेही सांगितलं. आप्पा डोळे बारीक करून ऐकत होते. मग त्यांचा आवाज चढायला लागला.

धागा तुटला की गाठ मारायला एक आणि ती सोडायला दुसरा, असं कुठल्या मागावर चालतं, असं त्यांनी विचारलं. गाठ कशी मारली ते मारणाऱ्यालाच ठाऊक असतं, हे कळायला तुमच्या कंपनीला किती वर्षं लागली? त्रिशला म्हणाली, कापड आणि प्रोग्राम सारखे नसतात. आप्पा म्हणाले, सगळं सारखंच असतंय. ती म्हणाली, कापडात गाठ दिसते, आमच्याकडे दिसत नाही. ते म्हणाले, मग बोटानं चाचपायची, डोळे कशाला पाहिजेत? ती म्हणाली, चाचपायला आम्हीही तपासण्या लिहिल्यात आता, रोज सकाळी आपोआप होतात.

"आता लिहिल्यात," आप्पा कडाडले. "आणि आधी काय करत होतीस तू? झोपली होतीस?"

विमलाक्का भाकरी थापता थापता थांबल्या. 'तू' म्हणाले होते ते. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्रिशलाच्या आलं, आणि तिनं उलट उत्तर दिलं की आधी ती जागा माझ्या अखत्यारीत नव्हती. आप्पांनी 'अखत्यारीत' या शब्दाची पाच मिनिटं सालं काढली. आठवत त्यांना काहीच नव्हतं. पण माणूस तोच होता, ती तीच होती, त्यामुळे भांडणही तेच झालं.

जेवण उरकलं तेव्हा अजून उजेड होता. आप्पा हात पुसत बसले होते, आणि मध्येच त्यांनी काडीला हात लावून मान वाकडी केली.

"हा चष्मा काय विचारतोय बघ. म्हणतोय, या व्यक्तीला लक्षात ठेवायचं काय? तुमचाच उद्योग वाटतं हा."

त्रिशला हो म्हणाली. अनोळखी माणसाशी अर्धा तास बोलणं झालं की चष्म्यानं हे विचारायचं, हे तिनंच लिहिलं होतं. दुसऱ्यानं दिलेलं उत्तर धरायचं नाही, हेही तिनंच लिहिलं होतं. त्यामुळे आता तिला तोंड बंद ठेवून बसणं भाग होतं. ती पदराशी चाळा करणाऱ्या आक्कांकडे बघत राहिली.

"ठेवायचं," आप्पा चष्म्याला ओरडून म्हणाले. "नाव त्रिशला." मग थांबले. "नातं विचारत नाही हा?"

"नाही आप्पा. कशासाठी, ते विचारतो."

"हे बरं केलंस. कशासाठी?" त्यांनी जरा विचार केला. "हुज्जत घालायला. घरात दुसरं कोण घालत नाही. आक्का नुसती हो म्हणते."

आक्कांनी तोंडाला पदर लावला. चष्म्यानं पुढचा प्रश्न विचारला असावा, कारण आप्पा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. त्रिशलाला ठाऊक होतं तो कोणता प्रश्न. तक्त्यातली मोठ्यात मोठी मुदत चारशे दिवस, मघाशी आपण तीही सांगितली होती, आणि आप्पा तेवढी देतील काय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"आठ दिवस," आप्पा म्हणाले.

त्रिशलाचा चेहरा उतरला. तिनं लपवायचा प्रयत्नही केला नाही. आठ दिवस तर तिनं तक्त्यात दुकानाचा पत्ता लक्षात ठेवायला दिले होते. विमलाक्कांनाच राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "दादा, असं काय करतोस? चारशेपर्यंत देता येतंय म्हणे. नोकरी सांभाळून येते ती."

"येतंय ना. पण चारशे दिले की ही वर्षानं येणार. ओळखतोय म्हातारा, जाऊ कधीतरी, म्हणून बसणार. माणसाचं असंच असतंय." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "आठ दिवसांत आलीस की परत आठ मिळतील. तूच सांगितलंस ना मघाशी? आणि नाही आलीस तर मी विचारणार, कोण पाहिजे आपल्याला म्हणून. चालेल काय?"

त्रिशलाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला ती ताटं उचलायला वाकली. दोन वर्षं मुदत नसलेली चिठ्ठी होती तेव्हा आपण महिन्यातून एकदा तोंड दाखवत होतो, हे त्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिनं ताटं मोरीत ठेवली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, पुढच्या मंगळवारी नक्की येते.

ती शुक्रवारीच गेली.